खोडलेलं रीडिंग: बी.एस्सी. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलबद्दल

दोलन
सोमवार, रात्री ९:४०

तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मी २२ वर्षं फिजिक्स शिकवते आहे. गेल्या आठवड्यात एसवायच्या बॅचमध्ये एक गोष्ट घडली. तेव्हापासून ती मनातून जात नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

प्रयोग बार पेंडुलमचा. ज्यांनी केला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मीटरभर लांबीची धातूची पट्टी असते, तिला ठरावीक अंतरावर भोकं पाडलेली. एकेका भोकात नाइफ एज, म्हणजे सुरीसारख्या धारेचा आधार, घालून पट्टी टांगायची, हलकासा झोका द्यायचा आणि २० झोक्यांना किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर बघायचं. त्यावरून आवर्तकाल, म्हणजे एका झोक्याचा वेळ, काढायचा, सगळ्या भोकांचे आवर्तकाल आलेखावर मांडायचे आणि त्या आलेखावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे आपला 'जी', काढायचा.

जर्नल तपासताना एका मुलीचं पान रबराने घासून घासून फाटायला आलेलं दिसलं. उजेडासमोर धरलं, तर प्रत्येक रीडिंगच्या खाली आधीचं एक रीडिंग. खाली २९, वर ३०.५. सगळा तक्ता असाच. उत्तर ९.८१, अगदी दुसऱ्या दशांशापर्यंत पुस्तकाशी जुळणारं. तिची रफ वही मागवली. तिच्यात उत्तर होतं १०.८४.

विचारलं तर ती घाबरली नाही. म्हणाली, "मॅडम, १०.८४ लिहून आणलं असतं तर तुम्ही लाल पेनाने 'रिपीट' लिहिलं असतं."

खरं होतं. २२ वर्षं मी तेच लिहीत आले आहे.

त्या दिवशी लॅबच्या मामांना विनंती करून लॅब साडेपाचपर्यंत उघडी ठेवली. तिला म्हटलं, १०.८४ आलंय ना, मग ते का आलं ते शोधू. एकच भोक घे, आणि २० ऐवजी १०, २०, ३०, ४०, ५० अशा झोक्यांचे वेळ घे. तिने घेतले. १३.८, २९.१, ४४.४, ५९.७, ७५.० सेकंद. लांबी तीच धरून प्रत्येकावरून जी काढला, तर तो खाली खाली उतरत गेला. १२.१, मग १०.८, १०.५, १०.३, १०.२. पृथ्वी तर तीच होती. मग तिने आडव्या अक्षावर झोक्यांची संख्या आणि उभ्या अक्षावर वेळ घेऊन आलेख काढला. रेषा सरळ आली, सुरेख सरळ, पण शून्यातून गेली नाही. आडव्या अक्षाला त्या रेषेने बरोबर १ वर छेद दिला.

ती त्या आलेखाकडे बराच वेळ बघत बसली. मग जोडीदारणीला म्हणाली, "तू मोठ्याने मोज बरं." जोडीदारणीने स्टॉपवॉच दाबलं आणि म्हणाली, "एक."

तिथेच सगळं होतं. घड्याळ सुरू करताना 'शून्य' म्हणायचं असतं. 'एक' म्हटलं की २० म्हणेपर्यंत झोके १९ च झालेले असतात. १९ झोक्यांच्या वेळेला २० ने भागलं की आवर्तकाल ५ टक्क्यांनी कमी येतो, आणि जी त्याच्या वर्गाच्या प्रमाणात चुकतो. आपल्याकडच्या ९.७८ चा १०.८४ होतो. तिचं एकही रीडिंग चुकीचं नव्हतं. उलट ती इतकी काटेकोर होती की चूक कुठे आहे हे त्या रीडिंगांनीच सांगितलं. आणि तिने ती सगळी खोडून टाकली होती, कारण मी तिला तसं शिकवलं होतं.

मला इथल्या लोकांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या वेळी प्रॅक्टिकल कसं होतं? आणि जे शिकवतात त्यांना: 'चुकलेलं' पण खरं रीडिंग तुम्ही कसं तपासता?

जुनीजर्नल
सोमवार, रात्री १०:५५

मॅडम, तुमचं लिखाण वाचून एक जुनी जखम उघडी झाली. लिहूनच टाकतो.

विदर्भात जिल्ह्याच्या गावी बी.एस्सी. केलं, नव्वदच्या दशकात. विद्यापीठाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत मला स्टोक्सच्या पद्धतीने ग्लिसरीनची श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, काढायचा प्रयोग आला. उंच काचेच्या नळीत ग्लिसरीन, त्यात छर्रे सोडायचे, दोन खुणांमधलं अंतर कापायला किती वेळ लागतो तो मोजायचा. मी मन लावून केला. तीन मापांचे छर्रे, प्रत्येकाची पाच-पाच रीडिंग्ज, स्क्रू गेजची शून्यत्रुटीसुद्धा धरली. उत्तर आलं ३.१ पॉइज (श्यानतेचं एकक).

एक्स्टर्नलांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, वही बघितली आणि म्हणाले, "ग्लिसरीनची व्हॅल्यू १४ आहे. तू काय मोजलंस?" मी म्हटलं, सर, परत करून दाखवतो. वेळ संपली होती. ३५ पैकी ११ मार्क दिले. माझ्या शेजारच्याने १३.९ लिहिलं होतं, त्याला ३१. त्याने छर्रे सोडलेच नव्हते, हे मला माहीत होतं.

त्या मार्कांमुळे माझा फर्स्ट क्लास गेला. पुढे एम.एस्सी. केलं नाही, बँकेची परीक्षा दिली. नोकरी चांगली झाली, तक्रार नाही. पण १४ पॉइज ही २० अंशांची व्हॅल्यू असते, आणि ग्लिसरीनची श्यानता तापमानाबरोबर भराभर उतरते, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. ४० अंशांना ती ३ च्या आसपास येते. विदर्भात एप्रिलमध्ये, दुपारी, पत्र्याच्या छताखाली ती १४ कशी असेल? त्या टेबलावर थर्मामीटरच नव्हता. तापमान लिहायचा रकानाही नव्हता.

कातळसडा
मंगळवार, सकाळी ७:१५

दोलन, निवृत्त झालो तरी तुमचा धागा वाचून लॅबचा वास आला. रत्नागिरी जिल्ह्यात ३१ वर्षं शिकवलं.

एक गोष्ट आधी सांगतो. तुमच्या त्या मुलीने खोडून जे ९.८१ लिहिलं, ते आपल्याकडचं उत्तरच नाही. ९.८१ हा लंडनच्या अक्षांशाचा आकडा. १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य म्हणून ठरवून दिलं, तेही साधारण ४५ अंश अक्षांशाचं. आपण १८-२० अंशांवर राहतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि तिथे फिरण्याचा वेगही जास्त, म्हणून इथे जी कमी. महाराष्ट्रात तो ९.७८ च्या घरात येतो. म्हणजे एखाद्या मुलाने जीव तोडून काम केलं, ९.७८ आणला, आणि 'चुकलं' म्हणून ९.८१ केला, तर त्याने खऱ्याचं खोटं केलं. मी नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत असे किती ९.८१ सही करून पास केले असतील, देव जाणे. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

फ्रेंच खगोलज्ञ झाँ रिशे १६७२ साली दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला होता. पॅरिसमध्ये अचूक लावलेलं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. त्याने लंबक जवळजवळ तीन मिलिमीटर आखूड केला तेव्हा घड्याळ ताळ्यावर आलं, आणि ते त्याने तसंच नोंदवून ठेवलं. घड्याळात बिघाड आहे असं म्हणून तो सोडून देऊ शकला असता. पुढे न्यूटनने त्याच नोंदीचा आधार घेऊन पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याचं मांडलं. आपल्या देशातही सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन बसेवीने १८६५ पासून दक्षिणेपासून लडाखपर्यंत लंबक नेऊन मोजमापं घेतली. १८७१ मध्ये लडाखच्या पठारावर तेच काम करताना तो वारला. मी एसवायला बार पेंडुलम सुरू करण्याआधी या दोघांबद्दल दहा मिनिटं बोलत असे. झोके मोजणाऱ्या मुलांना आपण कुठल्या कामाला हात घालतोय ते कळायला हवं.

आता कोकणातली अडचण. न्यूटन्स रिंग्जची, म्हणजे भिंग सपाट काचेवर ठेवून प्रकाशाची काळी-उजळ कडी बघायच्या प्रयोगाची, भिंगं. पावसाळ्यात चार महिने दमट हवा, भिंगांवर बुरशीचं जाळं धरतं. पहिल्याच वर्षी जुलैमध्ये कपाट उघडलं आणि निम्मी भिंगं गेलेली. मग कपाटाच्या खालच्या खणात ४० वॉटचा बल्ब रात्रंदिवस लावून ठेवायला लागलो, वरच्या खणात भिंगं. आमच्या मामांचा तो शोध. स्वतःच्या घरी ते आमसुलं अशीच कोरडी ठेवत.

न्यूटन्स रिंग्जमध्येही खोडाखोडी होते. मध्यबिंदू काळा यायला हवा असं पुस्तकात असतं. भिंग आणि काचेमध्ये धुळीचा कण असला की तो उजळ येतो. मुलं उजळ बघतात आणि वहीत काळा काढतात. मी सांगायचो, उजळ दिसला तर उजळ काढा, आणि कारण लिहा. दोन कड्यांच्या व्यासांच्या वर्गांतला फरक घेतो तो याचसाठी, की मधली ती अनोळखी फट वजाबाकीत निघून जावी. ज्याने उजळ मध्य पाहिलाय त्यालाच त्या वजाबाकीचं महत्त्व समजतं.

भीमाकाठ
मंगळवार, दुपारी १:३०

नमस्कार. मी फिजिक्सवाला नाही, द्राक्षबागायतदार आहे. मुलगी बारावीला आहे आणि इंजिनिअरिंग नको, बी.एस्सी. फिजिक्सच करायचं म्हणते. घरात सगळे विरोधात आहेत, मी मधे आहे. हा धागा वाचून तिचं म्हणणं थोडं कळलं. पण पुढे काय असतं? चार वर्षांचा कोर्स झालाय म्हणतात, ते काय आहे? आणि आमच्या जवळच्या साध्या कॉलेजात शिकली तर चालेल का, की पुण्या-मुंबईलाच पाठवावी लागेल?

नीलपक्षी
मंगळवार, संध्याकाळी ६:०५

भीमाकाठकाका, मी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलं आणि आता एका आयआयटीत एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला जे ठाऊक आहे ते सांगते.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी रचना आली आहे. एक मुख्य विषय असतो, त्याला मेजर म्हणतात, आणि एक जोडविषय, मायनर. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. चार वर्षं केली तर पुढचं एम.एस्सी. एका वर्षाचं. फिजिक्स मेजर असेल तर मायनर गणितच घ्यायला सांगा. हे मी अगदी आग्रहाने सांगते. मुली फिजिक्सला अडत नाहीत, गणिताला अडतात. दुसऱ्या वर्षाला विद्युतचुंबकत्व सुरू झालं की सदिश कलनाशिवाय (व्हेक्टर कॅल्क्युलस) एक पान पुढे जात नाही.

आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा असते, फेब्रुवारीत. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. वयाची अट नाही, आणि कॉलेज कुठलं ते कुणी विचारत नाही. त्यातल्या २० प्रश्नांना पर्याय नसतात, थेट आकडा भरायचा असतो. पाठांतर तिथे उपयोगाचं नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वेगळी परीक्षा असते, आणि जेस्ट ही आणखी एक, ती अनेक संशोधन संस्था मिळून घेतात.

साधं कॉलेज चालेल का, याचं उत्तर: चालेल, पण तिला अधूनमधून बाहेर पाठवा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात २००४ पासून एक कार्यक्रम चालतो, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी. मी त्यातून गेले. तिथे पहिल्या दिवशी एक काळी पेटी दिली, बाहेर दोन टर्मिनल, आणि सांगितलं की आत काय आहे ते मोजून शोधा. माहितीपत्रक नाही, 'उद्देश-साहित्य-कृती' असं काही नाही. मी दोन तास रडकुंडीला आले होते. संध्याकाळी कळलं की आत एक डायोड आणि एक रोध होता, आणि ते मला माझ्याच आलेखावरून कळलं. त्या दिवसापर्यंत मी कॉलेजात २० प्रयोग 'केले' होते. खरं तर तो माझा पहिला. पुण्यात डिसेंबरमध्ये रेडिओ खगोलशास्त्राची शाळा भरते, एनसीआरए आणि आयुका या तिथल्या खगोलशास्त्राच्या संस्था मिळून घेतात. आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. तुम्ही स्वतः तिला घेऊन जा, काका. घरातले जे विरोधात आहेत त्यांनाही न्या.

तळेगावकर
मंगळवार, रात्री ९:२०

भीमाकाठ यांच्या प्रश्नाला माझंही उत्तर. मी बी.एस्सी. फिजिक्सवरच थांबलो आणि २५ वर्षं कॅलिब्रेशनमध्ये आहे, चाकण-तळेगाव पट्ट्यात. कारखान्यांतले मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल गेज, प्रेशर गेज आमच्याकडे तपासायला येतात. संशोधक होणं हा एकच रस्ता नाही.

दोलन मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीने जे केलं ते आमच्या लॅबमध्ये केलं तर नोकरी जाते. हे घाबरवायला सांगत नाही, तसा नियमच आहे. नोंदवहीत पेन्सिल चालत नाही, रबर चालत नाही, व्हाइटनर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला नवा आकडा, सही, तारीख. ऑडिटर येतो तेव्हा आधी त्या रेघाच बघतो. वर्षभराच्या वहीत एकही रेघ नसेल तर त्याला संशय येतो.

आणि तापमान! जुनीजर्नल यांचं वाचून वाईट वाटलं. लांबीचं कुठलंही माप जगभर २० अंश सेल्सिअसला धरून सांगतात. आमची खोली २० वर ठेवलेली असते, आणि बाहेरून आलेला गेज ब्लॉक (प्रमाण लांबीचा ठोकळा) लगेच मोजत नाही, थंड होईपर्यंत तासन्‌तास तसाच ठेवतो. १०० मिलिमीटरचा पोलादी ब्लॉक एका अंशाने तापला तर एक मायक्रॉनहून जास्त वाढतो. हे मी नोकरीत शिकलो. कॉलेजमध्ये शिकता आलं असतं, साहित्य सगळं होतं.

आमच्याकडे मुलाखतीला बी.एस्सी.ची मुलं येतात. मी एकच काम देतो: हा मायक्रोमीटर, ही पिन, दहा वेळा मोज आणि लिही. दहाही रीडिंग्ज एकसारखी लिहिणाऱ्याला घेत नाही.

रेषेबाहेर
बुधवार, सकाळी ११:४५

सगळं पटतंय, पण शिकवणाऱ्यांच्या बाजूने थोडं बोलायलाच हवं. मी तासिका तत्त्वावर शिकवते, सहावं वर्ष. माझ्या विभागात मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी आहेत. एका बॅचला २० मुलं, चालू स्थितीतले स्पेक्ट्रोमीटर ४. नव्या रचनेत प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या पेपरला सत्रात ६० तास, आठवड्याला चार. त्यात प्रवेश उशिरा, परीक्षा, निवडणुकीची कामं वजा करा. एवढ्यात ठरलेले सगळे प्रयोग 'पूर्ण' झाल्याचं प्रमाणपत्र जर्नलच्या पहिल्या पानावर द्यायचं असतं. दोलन मॅडमनी एका मुलीसाठी साडेपाचपर्यंत लॅब उघडी ठेवली. मला तासाचे पैसे मिळतात आणि साडेचारची शेवटची एसटी पकडायची असते. खोटी रीडिंग्ज मुलांच्या आळसातून येत नाहीत. मोजायला वेळच दिलेला नसतो.

राईनकाठ
बुधवार, दुपारी ४:१०

रेषेबाहेर, तुमचं म्हणणं मोलाचं आहे. मी जर्मनीत पीएच.डी. करतो आणि इथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेतो. इथे साहित्य भरपूर आहे हे खरं, पण खरा फरक मला दुसरीकडे दिसतो. मुलांना 'योग्य उत्तर' आलं का, हे मी बघतच नाही. मी बघतो ते उत्तरापुढचं अधिक-उणे. आकडा आणि त्याची अनिश्चितता, आणि ती कुठून आली याचा हिशेब. तो नसेल तर रिपोर्ट परत जातो, उत्तर कितीही सुंदर असो.

बार पेंडुलमचंच घेऊ. बोटाने घड्याळ सुरू-बंद करताना साधारण ०.२ सेकंदाची गफलत धरा. २० झोक्यांना ३० सेकंद लागतात, म्हणजे पाऊण टक्क्याच्या जवळपास, आणि जी मध्ये ती दुप्पट होते. ९.८ ला अधिक-उणे ०.१३. म्हणजे २० झोक्यांवरून ९.७८ आणि ९.८१ यांतला फरक कळूच शकत नाही! वहीत दुसरा दशांश लिहिणं हीच मुळात चूक. तेच १०० झोके मोजले तर वेळेची गफलत पाचपटीने कमी होते, आणि मग मीटरपट्टीवरचा एक मिलिमीटर बोचायला लागतो. हा हिशेब फळ्यावर दहा मिनिटांचा आहे. एकही रुपया लागत नाही.

साहित्य कमी असेल तर मुलांच्या खिशातले फोन आहेत. आखेनच्या विद्यापीठाने फायफॉक्स नावाचं मोफत ॲप केलंय, फोनमधले सेन्सर त्यातून वापरता येतात. आवाजावर चालणारं स्टॉपवॉच त्यात आहे. इथे कोविडच्या काळात आम्ही घरच्या घरी प्रयोग त्याच्यावर करून घेतले.

भीमाकाठ
बुधवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. मुलीला धागा वाचायला दिला. तळेगावकर यांनी मायक्रोमीटरचं लिहिलंय ते तिने आजोबांना वाचून दाखवलं. द्राक्षाच्या मण्याची साइज आम्ही पण मिलिमीटरात मोजतो, तेव्हा आजोबांना ते लगेच कळलं. खोडदला जाऊन येणार आहोत.

दोलन
रविवार, सकाळी १०:२०

आठवडाभर सगळं वाचत होते. वर्गातही वाचून दाखवलं.

रेषेबाहेर, तुमचा प्रतिसाद मी विभागाच्या बैठकीत जसाच्या तसा मांडला, नाव न घेता. प्रयोगांची संख्या ठरवणं आमच्या हातात नाही, पण अंतर्गत मार्क कशाला द्यायचे ते आहे. तेवढं बदललं. रफ वही आता पक्की शिवलेली, पानांना नंबर घातलेले, पेनानेच लिहायची. चुकलं तर एक आडवी रेघ, तळेगावकर म्हणतात तशी. प्रत्येक प्रयोगाच्या पानावर खोलीचं तापमान आणि वेळ. अंतर्गत मार्कांतले निम्मे रफ वहीला, आणि उत्तर पुस्तकाशी जुळतं का याला शून्य. जुळलं नाही तर का, याच्या परिच्छेदाला मार्क. दोघा सहकाऱ्यांना हे पटलेलं नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत एक्स्टर्नल काय म्हणतील ही त्यांची काळजी रास्त आहे, आणि माझ्याकडे तिचं उत्तर नाही. पहिल्या सत्रात बघू म्हणाले, तेवढं पुरे.

त्या मुलीने बार पेंडुलम परत केला. १०० झोके, 'शून्य'पासून मोजून. ९.७७ अधिक-उणे ०.०३. खाली तिने लिहिलंय की आपल्या अक्षांशाला ९.७८ अपेक्षित आहे आणि ते या कक्षेत बसतं. कातळसडा सर, रिशेचं घड्याळ मी वर्गात सांगितलं. एका मुलाने विचारलं की महाबळेश्वरला नेलं तर आपला बार पेंडुलम फरक दाखवेल का. हिशेब त्यालाच करायला लावला. १३०० मीटर उंचीला फरक ०.००४ च्या आसपास, आपली अनिश्चितता ०.०३, म्हणून नाही दिसणार. त्याला थोडं वाईट वाटलं, मग म्हणाला, केटरच्या लंबकाने (जी जास्त अचूक मोजायचा लंबक)? ते काम आता त्याच्याकडे आहे.

येत्या शुक्रवारी स्टोक्सचा प्रयोग आहे. ग्लिसरीनची नळी पाण्याच्या भांड्यात ठेवून वेगवेगळ्या तापमानांना श्यानता काढायची आणि आलेख करायचा असं मुलींनी ठरवलंय. मामांनी थर्मामीटर काढून पुसून ठेवलेत. जुनीजर्नल, मुलींनी विचारायला सांगितलंय: तुमच्या परीक्षेच्या दिवशी तापमान अंदाजे किती असेल?

जुनीजर्नल
रविवार, दुपारी १२:०५

एप्रिलचा दुसरा आठवडा. दुपारची बॅच, दोन ते पाच. पंखा होता, पण छर्रे हलतील म्हणून बंद ठेवायला सांगितला होता. आत ३८-४० तरी असेल. माझं रीडिंग ३.१ होतं, ते वर लिहिलंच आहे.

दोलन
शनिवार, सकाळी ९:००

काल साडेसहापर्यंत थांबलो. २६ ते ४५ अंशांमध्ये सहा तापमानं झाली. मुलींनी बिंदूंमधून वक्र काढला आणि मग वेगळ्या रंगाने तुमचा बिंदू टाकला, ३९ अंश, ३.१ पॉइज. तो वक्राला टेकलाय. त्या बिंदूशेजारी त्यांनी लिहिलंय: 'विदर्भ, एप्रिल, दुपारची बॅच'. आलेख लॅबच्या दाराशी लावला आहे.